ओट्यापुढचा तुकडा

"काकू गेल्या त्या कायमच्याच. आणि काका तर आता स्वयंपाकघराची जमीनच..." एवढं कानावर पडलं आणि लिफ्टचं दार लागलं. बाहेर शाईचा डबा घेऊन उभे होते ते खुद्द काकाच.

जमिनीचं खरं होतं. सकाळीच कापली होती. पण काकू कायमच्या गेल्या, हे लिफ्टमधल्यांना कळलं आणि आपल्याला नाही? मुलीकडे जाते म्हणाली होती. परत कधी येते, हे मात्र खरंच म्हणाली नव्हती.

काकांना मागून सगळे 'फूटपट्टी' म्हणत. (तोंडावर एकदाच म्हटलं गेलं, तेही चुकून.) जन्मभर ड्राफ्ट्समन. घरातल्या कपांचे कानसुद्धा एका दिशेला लागत. काकूंनी मांडलेले कप ते मागाहून गुपचूप सरळ करायचे. त्या दिवशी नेमकं काकूंनी वळून पाहिलं. "या घरात मीच तेवढी वाकडी," म्हणाल्या आणि बॅग भरली. (भिंत पातळ आहे, ऐकू येतं, त्याला कोण काय करणार?)

रुसवा काढायला काकांनी या वयात लिनोकट शिकायला घेतलं. लिनोलियमवर चित्र कोरायचं, शाई लावायची, वर कागद ठेवून घासायचा. त्यात काय एवढं? दुकानातून आणलेल्या तुकड्यावर काकूंचा चेहरा कोरताना कोरणी सटकली आणि काकूंना मिशी आली. मिशी लपवायला दाढी कोरावी लागली. हे पाठवलं असतं तर काकू नक्कीच कायमच्या गेल्या असत्या.

दुकानात दुसरा तुकडा नव्हता. स्वयंपाकघरात मात्र जमिनीवर अख्खं लिनोलियम पसरलेलं. फ्रिजखालचा तुकडा कोणाला दिसला नसता, पण फ्रिज हलेना. मग ओट्यापुढचा कापला. अगदी काटकोनात.

वर येऊन काकांनी कोरण्याआधी नुसतीच शाई लावून पाहिली. कागद ठेवला, डावाच्या पाठीने घासला. सगळीकडे काळंभोर, मधेच दोन फिकट डाग. पुन्हा रोलर फिरवला, तरी डाग हटेनात. बोट लावलं तर तिथे जमीन झिजून खोलगट झाली होती. एक डाग जास्त खोल, किंचित बाहेर वळलेला. चप्पल काढून त्यांनी आपला पाय शेजारी ठेवून पाहिला. (शाईतच ठेवला.)

दुपारचं ऊन ओट्यावर येऊन थांबलं होतं. काकांना वाटलं, ती आत्ता इथेच आहे, पाठमोरी, एका पायावर भार टाकून दुधाकडे बघत. आणि आपण टेबलाशी बसून कप सरळ करतोय. इतकी वर्षं. ऊन सरकलं, तरी ते हलले नाहीत.

कोरणी त्यांनी उचललीच नाही. कागद वाळवला आणि तसाच मुलीच्या पत्त्यावर पाठवून दिला.

काकू आल्या त्या कागद हातात घेऊनच. आधी जमिनीतलं भोक पाहिलं.

"माझी जमीन कापलीत?"

"हो."

"सरळ कापलीये."

"सवय."

मग कागद न्याहाळत म्हणाल्या, "माझा उजवा पाय डावीकडे आलाय."

"ठसा उलटाच येतो. दुरुस्त करून देतो."

"हात तर लावून बघा."

काकूंनी तो टेबलासमोर टांगला. वाकडा. मुद्दाम.

लिफ्टमधलं तेव्हा निम्मंच खरं निघालं. सध्या तिथे काकांची मान लचकल्याची बातमी आहे. तीही निम्मीच खरी. मानेला काही झालेलं नाही. चहा पिताना ते ती कलती धरतात, म्हणजे चित्र सरळ दिसतं.