दारातून दारात

मार्चमधल्या एका मंगळवारी माझी आई पुण्याहून विमानाने दिल्लीला गेली. तिकिटावर प्रवासाचा वेळ दोन तास दहा मिनिटं होता. आमचे सोनईचे शेजारी भानुदास तात्या यांच्या मते तो साडेदहा तासांचा होता.

तात्या एसटीचे निवृत्त कंडक्टर. विमानात कधी बसलेले नाहीत, पण विमानाचा वेळ कुणी सांगितला की त्यांचा प्रश्न ठरलेला: "दारातून दारात किती?" पुणे-दिल्ली हवाई अंतर त्यांनी माझ्याकडून घेतलं, सहा किलोमीटरच्या एसटी टप्प्यांनी भागलं आणि जाहीर केलं, "एकशे शहाण्णव टप्पे. मधी एक बी थांबा न्हाई. लघवीला काय करत्यात?"

गल्लीतल्या एका मुलीच्या बैठकीत मुलाचे वडील म्हणाले, "पोरगा बेंगळुरूला असतो, पण दीड तासात पुण्यात." तात्यांनी त्यांना तिथंच दारातून दारात मोजायला लावलं. नऊ तास भरले. लग्न तरीही झालं. नवरदेव मांडवात वेळेवर होता, कारण निघायची वेळ तात्यांनी कळवली होती.

दिल्लीत माझ्या बहिणीचे दिवस भरत आले होते. आई नगरच्या पुढे एकटी कधी गेली नव्हती. विमान दुपारी एक दहाचं होतं. मी म्हणालो, "आठला निघू."

"सहाला," तात्या म्हणाले. "वाघोलीत अडकलात तर इमान काय रस्त्यावर उतरनार हाय वैनीला घ्यायला?"

"तात्या, गाडी माझी आहे."

"गाडी तुमची हाय, पत्रकार. रस्ता न्हाई."

सहाला निघालो. वाघोलीच्या अलीकडे ट्रक आडवा झाला होता. तिथं पावणेदोन तास गेले. बारा दहाला सामानाची खिडकी बंद होणार होती. आम्ही अकरा पन्नासला पोचलो. आठला निघालो असतो तर आई त्या दिवशी गेली नसती.

सव्वाचारला मी घरी परतलो. तात्या माझ्या ओट्यावर बसले होते. "फोन आला का?"

आला नव्हता. आईचा मोबाईल बंद होता. तिला घ्यायला जाणारे जावई फोन उचलत नव्हते. साडेचार झाले, पाच झाले. मी विमान कंपनीला फोन लावला. विमान वेळेवर उतरलं होतं, पुढचं त्यांना माहीत नव्हतं.  

त्यांच्या पत्नी, काकू, दोनदा दारापर्यंत येऊन गेल्या. तिसऱ्यांदा मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "सकाळच्या चहावर हायेत. गल्लीतलं कुनी बी लांब गेलं, की पोचल्याचं कळंस्तोवर जेवत न्हाईत. आमाला लेकरू असतं तर त्याच्यापुरतं केलं असतं."

त्या घराला लागून मी अकरा वर्षं राहतो. कामानिमित्त सतत बाहेर असतो. पोचल्यावर त्यांना फोन मी कधीच केला नव्हता.

पाच वीसला जावयांच्या मोबाईलवरून आई बोलली. तिचा मोबाईल विमानात बंद केला होता, तो तिला पुन्हा सुरू करता आला नव्हता; जावयांचा सायलेंटवर राहिला होता. बहीण ठीक होती.

"तात्या हायेत का तिथं?" आईने विचारलं. मी स्पीकर लावून फोन त्यांच्या हातात दिला.

"पोचले, भावजी."

"घरात गेलात का?"

"व्हय. आत बसलीय."

"मग बरं," तात्या म्हणाले आणि फोन मला परत दिला.

काकूंनी ताट ओट्यावरच आणलं. दोन भाकरी, वांग्याची भाजी. तात्यांनी पहिला घास घेतला तेव्हा पाच पंचवीस झाले होते.