वांढरे सरांचं पथ्य

वांढरे सर कुणालाही 'कसे आहात' असं विचारत नाहीत. 'लिव्हर काय म्हणते?' असं विचारतात. मागे कॉलनीतल्या एका लग्नात त्यांनी स्टेजवर चढून नवरदेवालाही हेच विचारलं.

सरांनी आयुष्यभर कॉलेजात बायोकेमिस्ट्री शिकवली. लग्न केलं नाही. निवृत्तीनंतर विद्यार्थी उरले नाहीत, म्हणून आम्ही शेजारी त्यांच्या तावडीत सापडलो. तर्री-पोह्याच्या ठेल्यावर सर दिसले की लोक प्लेट घेऊन झाडामागे सरकतात. मी बेसावध होतो. पोह्यांवर दुसऱ्यांदा तिखट, तेलकट तर्री मागितली आणि खांद्यावर हात पडला.

"काहून गा, पेशीची काही दयामाया? तिच्यात चरबी जळून राहिली का ठिणग्या उडतात. एक एन्झाइम ग्लुटाथायोनले हाताशी धरून त्या विझवते. त्याच्यात ग्लुटाथायोन निकामी होते. मंग दुसरा एन्झाइम येते, त्याले पुन्हा कामाले लावते. हे चालू आहे म्हणून तू जिता आहे. पण किती ठिणग्या विझवतीन बिचारे?"

ग्लुटाथायोनच्या काळजीत माझे पोहे थंड झाले.

स्वतः सर बारा महिने फिकं वरण, भात आणि दुधी खातात. त्यांचा धाकटा भाऊ खापरखेड्याला, वीज केंद्राच्या कॉलनीत राहतो. दारूचा थेंब न घेताही त्याचं लिव्हर चरबीनं खराब झालं, तेव्हा सरांनी आपल्या लिव्हरचा तुकडा त्याला दिला. भाऊ वाचला. पथ्य लागलं भावाला, आणि सुरू केलं सरांनीही.

गेल्या रविवारी सर आमच्याकडे जेवायला होते. बायकोनं झणझणीत सावजी मटण केलं होतं, सरांसाठी वेगळं वरण. तरी तिनं आग्रह केला, "सर, थोडा रस्सा?"

"नको वं. तिकडं त्याले जड जाईन."

मला हसू आवरेना. "सर, इथला रस्सा खापरखेड्याला कसा पोहोचेल? बायोकेमिस्ट्री शिकवली ना तुम्ही?"

"नाही पोहोचत. मले समजत नाही काय?" सर ताटाकडे बघत म्हणाले. "ऑपरेशन झाल्यावर मी त्याले घडीघडी फोन करून विचारत जाओ, काय खाल्लं, काहून खाल्लं. एक दिवस भडकला तो. म्हणे, दादा, तुकडा दिला म्हणून माह्या ताटाचा मालक झाला काय? तवापासून फोन उचलत नाही. घरी गेलो तं त्याची बायको चहा देते, तो आतून बाहेर येत नाही."

सरांनी भातावर वरण ओढून घेतलं.

"तो तिकडं फिकं खाऊन राहिला, मी इकडं. जेवाले बसलो का वाटते, बाजूले बसून आहे."

मला फार वाईट वाटलं. बायकोनं न विचारता माझ्यासमोरची रश्श्याची वाटी उचलली आणि माझ्याही ताटात वरण वाढलं. मी सरांच्या बाजूला सरकून बसलो आणि निमूटपणे जेवू लागलो.