अण्णांचं साधं जेवण

“पावण्याला आदी पानी इचार, मग नाव-गाव,” सोमेशची आई भाकरी थापता थापता म्हणायची. तिला जाऊन बारा वर्षं झाली. पण आज सकाळपासून तो आवाज माठाच्या थेंबासारखा त्याच्या कानात ठिबकत होता. ऐकायला सवड मात्र नव्हती. निवडणुकीला उभे असलेले तिप्पण्णा अण्णा दुपारी एकला साध्या घरात साधं जेवण जेवणार होते, आणि ते साधेपण मोबाईलवर लाइव्ह दाखवायचं काम सोमेशचं होतं. “ह्या वेळी फसलं, तर फुडचं काम पुण्याच्या कंपनीला,” अण्णांनी बजावलं होतं.

घर निवडलं ते आईच्या मैत्रिणीचं, अक्कम्मा मावशींचं.

“मावशी, तुम्ही फक्त हसायचं. बोललात की माझी नोकरी गेली.”

“अन् त्यांनी काय इचारलं तर?”

“मान डोलवायची.”

“बरं की. पन सोमेश, त्ये पान्याचं...”

“मावशी, आत्ताच काय सांगितलं?”

मावशींनी हसून मान डोलवली.

गल्लीत फुफाटा, अण्णांचा झब्बा पांढराशुभ्र. सोमेशला दाराआड निळं पिंप दिसलं. त्यानं बादलीमागून बादली उपसली, नाक्यापासून उंबऱ्यापर्यंत सडा मारला, तळाला उरलं त्यात रांगोळीची फरशी धुतली. मावशी हसतच होत्या. हात मात्र पदराचं टोक पिळत होते.

अण्णा आले, मांडी घालून बसले. ताटात कडक भाकरी आणि शेंगाचटणी. कॅमेऱ्याकडे बघत त्यांनी मोठ्ठा घास घेतला, वर चटणीचा बकाणा भरला. घास घशातच अडला.

“पानी.”

मावशींनी हसून मान डोलवली.

“ताई, पानी.”

मान पुन्हा डोलली. हसू आणखी रुंद झालं. मोबाईलवर कुणीतरी लिहिलं, ‘मावशींचा जुना राग दिसतोय.’

मोबाईल स्टँडवर तसाच चालू ठेवून सोमेश आत धावला. माठ पालथा, कळशी कोरडी. गाडीत बाटल्या होत्या; पण साधेपणाला शोभत नाही म्हणून त्यानंच गाडी लांब पाठवली होती. शेजारच्या झीनतभाभींनी दारातूनच हात हलवला. “नळ कल आता, भाई. अभी तो बूंद नै.”

तो परतला तेव्हा अण्णांचे डोळे लालबुंद झाले होते. तरी कॅमेरा समोर आहे हे ते विसरले नव्हते. “घरोघरी... रोज पानी... दिलंय की आपन,” ते ठसकत म्हणाले.

हे वाक्य सोमेशनंच लिहून दिलेलं. लाइव्ह बंद करायला अंगठा सरसावला. तेवढ्यात मावशींकडे नजर गेली. हसून हसून गाल थरथरत होते, डोळ्यांत पाणी आलं होतं. त्याच्या नोकरीसाठी बाई दिवेलागणीपर्यंत तशीच हसत बसली असती. कानात पुन्हा थेंब ठिबकला. त्यानं अंगठा मागे घेतला.

“बोला, मावशी.”

“अन् नोकरी?”

“बोला.”

मावशींनी पदरानं तोंड पुसलं, तसं हसूही पुसलं गेलं. “अण्णा, नळ पाचव्या दिशी येतोय. आज चौथा हाय. तुमच्यासाटी म्हणून येक पिंप राखलं हुतं.” त्यांनी दाराबाहेरच्या ओल्या गल्लीकडे बोट केलं. “त्यावरनंच चालत आलात की तुमी.”