तांबडीला ओरडलेलं चालत नाही

तांबडीने तिसऱ्यांदा बादली लाथाडली तेव्हा सासऱ्यांनी तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि पाठीत काठी घातली. तिने पान्हा चोरला. संध्याकाळी पुन्हा शिव्या, पुन्हा काठी आणि बादलीचा तळ जेमतेम झाकेल एवढं दूध. आठवडाभराने डॉक्टरांना बोलवावं लागलं.

"गाईला काही झालेलं नाही," कास तपासून डॉक्टर म्हणाले. "तुम्ही आलात की ती घाबरते. घाबरलेली गाय दूध सोडत नाही. काठी बंद, आरडाओरडा बंद. गोड बोला."

"गोड?" सासऱ्यांनी नव्या औषधाचं नाव विचारावं तसं विचारलं. "दिवसातून किती वेळा?"

"निदान दोन्ही धारांना."

सासरे शब्दाचे पक्के. दोन धारांना म्हणजे दोन धारांनाच. दुसऱ्या दिवसापासून गोठ्यातून "ये गं माझी बाय, दमलीस का, सरक जरा," असं ऐकू येऊ लागलं. चाळीस वर्षांच्या संसारात सासूबाईंनी हा आवाज कधी ऐकलाच नव्हता. त्यांना वाटलं, गोठ्यात कोणी परका शिरलाय.

चार दिवसांत बादली भरली. पण गोठ्यात गिळलेलं सगळं सासरे घरात येऊन ओकू लागले. चष्मा कुठाय, चहा गार का, दार कोणी उघडं टाकलं! प्रत्येक आरोळीला पाच महिन्यांचं बाळ पाळण्यात दचकून उठे. धड झोप नाही, धड दूध पिणं नाही. महिनाभरात त्याचं वजन छटाकभरही वाढलं नव्हतं. सून रडकुंडीला आली.

"अगं, बाबांचा स्वभावच तसा आहे," नवरा म्हणाला.

"मग गोठ्यात कुठे जातो तो स्वभाव?"

नवऱ्याने मोबाइल काढला.

शेवटी सुनेने धारेच्या वेळी बाळाची टोपली गोठ्याच्या कोपऱ्यात नेली, वर मच्छरदाणी घातली. बाळ दोन तास गाढ झोपलं. तिसऱ्या दिवशी सासूबाईही भाजीची परात घेऊन तिथेच येऊन बसल्या. एवढी माणसं बघून तांबडीने एक थेंब दिला नाही.

"गर्दी नको गं तिला," सासरे कुजबुजले. "घरात जा ना."

"घरात तुम्ही ओरडता," सासूबाईही कुजबुजल्या.

"घरात गाय आहे का?"

सासूबाईंनी त्यांच्याकडे एकदा नीट बघितलं, परात उचलली आणि निघाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी, बाळ नुकतं झोपलं होतं, तेवढ्यात सासऱ्यांना टॉवेल सापडेना. "टॉवेल कुठे मे..."

धाडकन! भिंतीपलीकडे गोठ्यात बादली वाजली.

सासरे जागीच थिजले. "तिला... इथलं ऐकू जातं?"

"भिंत एकच आहे, बाबा," सून हळूच म्हणाली.

सासरे चवड्यांवर चालत गेले आणि जन्मात पहिल्यांदा स्वतःचा टॉवेल स्वतः शोधू लागले. बाळाने नुसती कूस बदलली.

सून लगबगीने गोठ्यात गेली. तांबडी पलीकडच्या टोकाला, दाव्याला बांधलेली, शांत रवंथ करत बसली होती. बादली खुंटीवर होती, अजून हलत होती. शेजारी सासूबाई, हातात लाटणं.

त्यांनी ते लाटणं सुनेच्या हातात दिलं.

"दुपारची पाळी तुझी," त्या म्हणाल्या. "माझी चाळीस वर्षांची झोप राहिलीय."