कोबी घालायचा शनिवार

ऑक्टोबर संपत आला तरी हिवाळ्यासाठी पिंपात खारवायचा रादोयेच्या घरचा कोबी अजून गच्चीवरच होता. क्रालेवो शहरातल्या त्या गल्लीत बाकी सगळ्यांची पिंपं भरून तळघरात गेली होती. येणारेजाणारे मान वर करून विचारत, "काय मास्तर, विकायला ठेवलाय का?"

अडचण साधी होती. पाळी चालू असलेल्या बाईने पिंपाला हात लावला, की कोबी लिबलिबीत होतो. हे रादोयेची आई स्तामेना सांगे, आणि घरात तिच्याशी कोणी वाद घालत नसे. पहिल्या शनिवारी सून रुझित्साची पाळी आली. दुसऱ्या शनिवारी नात तियानाची. तिसऱ्या शनिवारी पुन्हा रुझित्साची.

"अगं, आत्ताच तर झाली ना तुझी?" स्तामेना म्हणाली.

"आई, मी काय बोलावणं पाठवते का तिला? पंचेचाळिशी उलटली माझी. आता ती वाटेल तेव्हा येते, वाटेल तेव्हा जाते. अगदी तुमच्या मुलासारखी."

रादोयेने वर्तमानपत्र जरा उंच धरले.

"आमच्या वेळी नव्हतं बाई असं," स्तामेना म्हणाली. "माझी म्हणजे चर्चचं घड्याळ. कधी चुकली नाही."

तेरा वर्षांच्या तियानाने काटा ताटात ठेवला. तिची पाळी गेल्याच वर्षी सुरू झाली होती. उन्हाळ्यात दोन महिने ती आलीच नव्हती, आणि मग आली ती नेमकी शाळेच्या सहलीत. हे तिने कोणाला सांगितले नव्हते. दुसऱ्या दिवशी ती बापाकडे गेली, कारण तो उलट प्रश्न विचारत नसे.

"बाबा, मला काही आजार झालाय का?"

रादोये कानापर्यंत लाल झाला, पण तिला दवाखान्यात घेऊन गेला. तिथे कुठून सुरुवात करावी हे त्याला समजेना. इतिहासाचा शिक्षक असल्याने त्याने कोबीपासून केली. पिंपाच्या लाकडापर्यंत तो आला, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवले आणि खुर्ची तियानाकडे वळवून तिलाच सगळे विचारले.

"पहिली दोन-तीन वर्षं शरीर अजून शिकत असतं," त्या म्हणाल्या. "कधी तीन आठवड्यांनी येईल, कधी सहा आठवड्यांनी, मध्येच दांडी मारेल. त्यात काही बिघडलेलं नाही. मात्र तीन महिने आलीच नाही, तासातासाला पॅड बदलावं लागलं, नाहीतर दुखण्यानं शाळा बुडायला लागली, तर लगेच ये. आईला सांग, तिच्या वयात मागेपुढे होतं, पण इतक्या लवकर लवकर येत राहिली तर दाखवून जा. आणि मास्तर, तुमच्या घरात आजारी कोणी दिसत नाही. कोबी तेवढा जास्त झालाय."

"पण आजीची तर घड्याळासारखी यायची," तियाना म्हणाली.

"ते तू आजीलाच विचार."

पुढच्या शनिवारी तियाना अंगणातल्या बाकावर बसली. आली, म्हणाली. रुझित्साचे पोट सकाळपासून दुखत होते, म्हणून ती वर घरातच राहिली. स्तामेनाच्या मनगटांत आता जोर नव्हता. शेवटी तिने गावाहून आपल्या धाकट्या जावेला, पेर्सिदाला, बोलावून घेतले.

पेर्सिदा सुरी घेऊनच आली आणि अंगणात थबकली. बाकावर तियाना अक्रोड फोडत होती.

"अगं बाई, ही तर हुबेहूब तू," ती स्तामेनाला म्हणाली. मग तियानाकडे वळली. "दरवर्षी कोबीच्या दिवशीच हिची पाळी यायची. आम्ही बोटं गारठेपर्यंत गड्डे कोरायचो, आणि ही त्याच बाकावर अक्रोड खात बसायची. एका वर्षी पावसानं कोबी तीनदा पुढे ढकलला. तर हिची तीनदा आली."

"धाकटे, मीठ काढ," स्तामेना म्हणाली.

"आजी, ते घड्याळ?" तियानाने विचारले.

स्तामेना पिंपात बघत राहिली. "घड्याळच होतं. किल्ली मी द्यायची."

"आणि खरी कधी यायची?"

"खरी ना? तिच्या मर्जीनं. लग्न झाल्यावर दोन महिने आली नाही, तर सासूबाईंनी पाळणा धुऊन उन्हात ठेवला. वाळायच्या आत आली."

तियाना हसायला लागली, आणि बराच वेळ हसत राहिली. स्तामेनाने तिच्याकडे डोळे बारीक करून पाहिले.

"काय गं, तुझी आजची खरी, की किल्ली दिलीस?"

तियानाने आणखी एक अक्रोड फोडला, उठून आली आणि गर आजीच्या तोंडात घातला. आजीने तो सावकाश चावला.

"रादोये," तिने हाक मारली, "बाह्या वर कर. तुला काही पाळी येत नाही."