भुताला चौकशी लागत नाही

सकाळी दहा वाजता साइटवरच्या सुपरवायझर अरविंदने मोबाईलमधली यादी साफ केली आणि यादीबरोबर एक माणूसही साफ झाला.

यादी कुंड्यांची होती. बुरहानपूरच्या या जुन्या कुंड्या म्हणजे जमिनीखालच्या एका लांबलचक भुयारात वरून सोडलेल्या विहिरी. ऐंशी ऐंशी फूट खोल, दर वीस-पंचवीस पावलांवर एक. आत साचलेला चुन्याचा थर खरवडायचं काम इंदूरच्या एका ठेकेदाराने घेतलं होतं, आणि आपल्या सगळ्या साइट एकाच सॉफ्टवेअरमध्ये जोडायच्या, हे त्याच्या ऑफिसने त्या वर्षी फारच मनावर घेतलं होतं. प्रत्येक कुंडीची पाच कामं : जाळी उघडणे, माणूस उतरवणे, थर खरवडणे, माणूस वर घेणे, जाळीला कुलूप लावणे. आधीचं काम हिरवं झाल्याशिवाय पुढचं उघडायचंच नाही. कुलूपही आकड्यांचं, आणि आकडे दर वेळी नवे, तेही मोबाईलवर येणार.

शंभर कुंड्या, पाचशे कामं. "अरे यार अरविंद, स्क्रीन आहे का भंगारवाल्याचं दुकान?" वंदना मॅडम इंदूरच्या ऑफिसातून म्हणाल्या. "कमी करा ना काही."

अरविंदने 'माणूस वर घेणे' हे काम 'थर खरवडणे'च्या पोटात घातलं आणि वरून झाकून टाकलं. यादी एकदम सुटसुटीत झाली. मॅडमनी अंगठा पाठवला.

अकरा वाजून पाच मिनिटांनी सत्तेचाळीस नंबरच्या कुंडीतून चुन्याची शेवटची पाटी वर आली. अरविंदने 'थर खरवडणे' हिरवं केलं, तसं त्याच्या पोटातलंही आपोआप हिरवं झालं. मोबाईल म्हणाला, कुलूप लावा. दोरी सांभाळणाऱ्या पंडितने कुलूप लावलं आणि मग त्याला काहीतरी आठवलं.

"साहेब, कौतिक वर आला का?"

"वर आला. हे बघ, हिरवं."

पंडितने मोबाईल पाहिला. इकडेतिकडे पाहिलं. परत मोबाईल पाहिला. "गेला असंल मग घरी. भाच्याचं जावळ आहे म्हणे आज, खकनारला. बारालाच सुटणार होता."

त्याच क्षणी राजपुऱ्यात कौतिकच्या बायकोचा, कोकिळाचा फोन वाजला. 'आपले कौतिक ११:०५ वाजता सुरक्षित वर आले.' घरच्यांना काळजी नको म्हणून ही खास सोय होती. कोकिळाने नवी साडी नेसली, पोरांना तेल लावून बसवलं. बारा वाजले. एकची बस गेली. तिची काळजी संपली आणि संशय सुरू झाला. आठ महिन्यांपूर्वी कौतिकने दारू सोडली होती. पुन्हा थेंब घेतला तर पोरांना घेऊन माहेरी खकनारला जाईन ती परत येणार नाही, असं तिने तेव्हाच बजावलं होतं. आणि कोकिळा बोलल्याप्रमाणे करणारी होती.

दोनच्या उन्हात केळीचं एक पान हलत नव्हतं. सोजरबाई शेळ्या घेऊन बेचाळीस नंबरच्या कुंडीच्या उंच कठड्याच्या सावलीत टेकली होती. तेवढ्यात शेळ्यांनी एकदम तोंडं चालवायची थांबवली. सगळ्यांनी. आणि जमिनीतून कोणीतरी हळूच म्हणालं,

"बाई..."

सोजरबाई हलली नाही.

"बाई, दोरी सोडा ना."

शेळ्या आधी पळाल्या. सोजरबाईने त्यांना वाटेत गाठून मागे टाकलं. ती त्रेचाळीस नंबरपाशी पोचली तर आवाज तिथूनही आला. चव्वेचाळीसपाशीही तोच, जरा जवळून. तिच्या पायाखालून कोणीतरी तिच्याबरोबरच चाललं होतं.

अर्ध्या तासात सत्तेचाळीस नंबरभोवती पंधरावीस माणसं जमली. एकाने धीर करून जाळीतून वाकून पाहिलं. खोल खाली, काळ्या पाण्यात, डोक्यापासून पायापर्यंत पांढरंफटक काहीतरी उभं होतं. त्याने सावकाश मान वर केली.

"भूत आहे बाप्पा!"

"आवाज कौतिकसारखा आहे," पंडित म्हणाला.

"भुताले काय, कोणाचाबी आवाज काढता येते," सोजरबाई म्हणाली. "मले तर 'बाई' म्हने. कौतिक कधी असा आदरानं बोलला का?"

अरविंदला मात्र सगळं कळलं. त्याने मॅडमना फोन लावला.

"मॅडम, कुंडीत माणूस राहिला. जाळी उघडायचे आकडे द्या."

"सत्तेचाळीस पूर्ण झाली आहे. उघडता येत नाही."

"पण माणूस खाली आहे ना!"

"कोणता माणूस? आमच्याकडे सगळे वर आहेत."

"आमच्याकडे एक खाली आहे, मॅडम."

मॅडम आवाज खाली आणून म्हणाल्या, "अरविंद, बंद कुंडी उघडायला अडथळ्याचा अर्ज लागतो. त्यात माणूस लिहिलं तर तो अपघात होतो. अपघाताला चौकशी लागते. चौकशीत तुम्ही जाल, मी जाईन. दुसरं काही लिहा."

"दुसरं काय लिहू? इथे लोक तर भूत म्हणतायत."

"मग तेच लिहा. भुताला चौकशी लागत नाही."

अरविंदने अर्ज उघडला. अडथळ्याचा प्रकार : झाड, साप, दगड, इतर. त्याने 'इतर' दाबून लिहिलं, 'भूत, एक नग.' मंजुरी लगेच आली. आकडेही आले.

पंडितने कुलूप काढलं. आतून ओला, गार वारा वर आला. त्याने दोरीला बांधलेली फळी खाली सोडली आणि हाक मारली, "बस रे!"

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली. नव्या साडीतली कोकिळा आली होती. ती दोन दारूची दुकानं पालथी घालून आली होती. तिने कुंडीत वाकून पाहिलं आणि फार गोड आवाजात म्हणाली, "या ना वर. या. मी काही नाही बोलत."

रिकामी फळी हलकी झुलली. खालचा आवाज दोन कुंड्या मागे सरकला.

"साहेब, ती तिथं आहे तोवर मी नाही येत."

"वहिनी, ऐका," अरविंद म्हणाला. "तो सकाळपासून खालीच होता. प्यायला नाही."

कोकिळाने फोन त्याच्या नाकासमोर धरला. "हे काय आहे मग? अकरा पाच. सुरक्षित वर आले. पिऊन परत पडला असंल खाली."

"पण जाळीला तर कुलूप होतं!"

"मग दुसऱ्या कुंडीतून पडला असंल. तुमच्या मोबाईलवर भरोसा करू का तुमच्या तोंडावर? खाली होता तर द्या लिहून. सहीनिशी."

माणूस खाली होता असं लिहिलं की अपघात. नाही लिहिलं तर पोरं खकनारला आणि कौतिक जन्मभर भुयारात. खालून ओरड आली, "लिहा ना साहेब! संसार चालला माझा!"

शेवटी त्याने डायरीचं पान फाडलं आणि खूप विचार करून लिहिलं, 'प्रमाणित करण्यात येते की सदर भूत सकाळपासून कुंडी क्रमांक ४७ मध्येच होते, पूर्ण शुद्धीवर होते व त्याने दारू घेतलेली नाही.' खाली सही ठोकली.

पंडितने ते मोठ्याने वाचून भुयाराला ऐकवलं. थोड्या वेळाने फळी जड झाली. चौघांनी दोरी ओढली. चुन्याने माखलेला कौतिक वर आला, थरथरत उभा राहिला आणि बायकोकडे पाहून कसंनुसं हसला. त्याच्या पांढऱ्या तोंडात तेवढे दातच पिवळे दिसले. दोन म्हाताऱ्यांनी हात जोडले.

कोकिळाने तो कागद दोनदा वाचला. घडी घालून कमरेला खोचला. कौतिकला वरून खालपर्यंत न्याहाळलं.

"भूत खाली होतं, प्यायलं नव्हतं. सही आहे साहेबाची. मानलं मी," ती म्हणाली. "आता मले हे सांगा, अकरा पाचला वर आलेला माझा नवरा कुठी गेला?"

कौतिकने अरविंदकडे पाहिलं. अरविंदने मोबाईलकडे पाहिलं. मोबाईल हिरवागार होता.

कौतिक मागे वळला, फळीवर नीट मांडी घालून बसला, दोरी दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि म्हणाला, "पंडित, सोड रे भाऊ खाली."