राऊतसरांचा साउंड चेक

चिन्मय, रेवा,

आमच्या तलासरीच्या कॉलेजच्या इतिहासाची चित्रफीत या आठवड्यात तुमच्याकडे पोहोचेल. ती लावण्याआधी हे वाचा. नाहीतर कॅमेऱ्यामागचा एक म्हातारा समोर येईल त्याला ‘आज काय जेवलात?’ असं का विचारतोय, ते कळायचं नाही.

ते राऊतसर. रसायनशास्त्र शिकवायचे, आता नरपडला एकटे राहतात. जुन्या लोकांच्या मुलाखती घ्यायची कल्पना त्यांची. प्रश्न काढायचं काम इंग्रजीच्या निवृत्त प्राध्यापिकेचं, म्हणजे माझं. मी प्रश्नांना क्रमांक दिले, उपप्रश्नांना अक्षरं दिली. सर म्हणाले, “छान. आधी साउंड चेक.”

साउंड चेक म्हणजे जेवणाची चौकशी. भाजी कसली, कोणी केली, डाळीला फोडणी कशाची. आशागडला एका जुन्या क्लार्कबरोबर सुक्या बोंबलावर इतकी चर्चा झाली की माझा पहिला प्रश्न येईतो बॅटरी संपली. मी चिडले. “मॅडम,” सर म्हणाले, “आवाज नीट बसायला पाहिजे.”

माझी स्वतःची मुलाखत आदर्श व्हावी म्हणून मी इरकली नेसले, उत्तरं पाठ केली. ‘शैक्षणिक वाटचाल’ हे शब्द इतक्यांदा उच्चारले की सरांना डुलकी लागली. चित्रफितीत त्यातलं एकही वाक्य नाही. साउंड चेकच्या वेळी वालाची भाजी करपल्याचं बोलले, तेवढंच घेतलंय.

शेवटी राहिली जानकी. पहिल्या तुकडीतली एकमेव मुलगी, उधव्याची, पुढे शाळेत शिक्षिका झाली. तिच्याशिवाय त्या तुकडीचा इतिहास म्हणजे एकमेकांची स्तुती करणारे पुरुष. दोनदा ती नाही म्हणाली होती. आता ती कायमची नाशिकला लेकीकडे निघाली होती, म्हणून ‘या’ म्हणाली. ही एकच संधी होती. ती वाया जाऊ नये म्हणून मी साउंड चेक रद्द करायला लावला.

उधव्याच्या आपल्या घरी जानकी खुर्चीत ताठ बसली. पहिला दिवस कसा होता? “चांगला होता.” शिक्षक? “चांगले होते.” मी प्रश्न सात ‘ब’पर्यंत पोहोचले, तरी सगळं चांगलंच होतं. सरांचा चेहरा उतरला.

मग जानकीच म्हणाली, “सर, तुमी जेवून आलात?”

“खिचडी खाल्ली.”

“कालची?”

सर लेन्स पुसू लागले.

“तुमच्या बाई गेल्यापासून हेच चाललंय ना? आमच्या तुकडीतली पोरं सांगतात मला.” ती उठली. “चला आत. भात टाकते.”

“अगं, पण मुलाखत...”

“आत बोलते की.”

पदराला माइक तसाच लावून ती गेली. मागोमाग सर. मी प्रश्न हातात घेऊन रिकाम्या खुर्चीसमोर. कॅमेरा बंद कसा करतात हे मला माहीत नव्हतं, म्हणून तो चालू राहिला.

तुम्हाला ती खुर्ची दिसेल, अधूनमधून माझं कोपर. ऐकू मात्र सगळं येतं. भांडी वाजतात. जानकी सांगते, पहिलं वर्षभर ती दाराजवळच बसायची, कोणी हाकललं तर पटकन निघता यावं म्हणून.  मग सर म्हणतात, “घरी काही विचारायला कोणी नसतं गं. म्हणून लोकांना विचारत सुटतो.”

“मग मी जाईपर्यंत रोज इथं जेवायला या.”

“नरपडहून लांब पडतं.”

“मी चालत यायचे कॉलेजला.”

सर हसतात. त्यांना हसताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

जानकी आता नाशिकला आहे. त्या जेवणाचं चित्र नाही. दोघांचे आवाज आहेत.